भाजलेला हात, डब्यांचा धंदा आणि २३ तासांचा ग्लव्ह

पार्श्वभूमी

ही केस बडोद्याची आहे. गल्ली, घरातली माणसं, वय असे ओळखू येण्यासारखे तपशील बदललेत, पण हाताची मापं आणि कुठल्या टप्प्यावर काय ठरलं ते तसंच ठेवलंय, कारण सगळा मुद्दा तिथेच आहे. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे दुखापतीनंतर माणसाला रोजची कामं परत जमावीत म्हणून काम करणारी, हाताच्या केसेस जास्त बघते.

काकू पन्नाशीच्या आसपासच्या, दांडिया बाजाराच्या बाजूला जुन्या घरात राहतात. युनिव्हर्सिटीत शिकायला आलेल्या बाहेरगावच्या पोरांना दोन वेळचे डबे देतात, दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घेतात, आणि डबे पोचवायला ॲक्टिव्हावर स्वतःच जातात. काका रिटायर्ड, मुलगा-सून दोघं नोकरीवाले. काकूंना शुगर आहे, गोळीवर आहे.

दिवाळीच्या आधी चकल्या तळताना कढई कलली आणि तेल उजव्या पंज्याच्या पाठीवर, मनगटावर आणि पुढे हातावर थोडं असं सांडलं. तळवा वाचला. नळाखाली हात धरला पण मिनिटभरच, मग शेजारच्या बेननी टूथपेस्ट लावली (नळाचं साधं वाहतं पाणी २० मिनिटं, बाकी काहीही नाही, हे किती वेळा सांगायचं कोण जाणे). एक काम मात्र काकांनी झकास केलं, सूज यायच्या आत बांगड्या आणि अंगठी काढून टाकली.

एका हॉस्पिटलमध्ये ड्रेसिंग सुरू झालं. तिसऱ्या आठवड्यात तिथल्या सर्जननी सांगितलं की पंज्याच्या मधला भाग खोल भाजलाय, आपोआप नीट भरणार नाही, मांडीची पातळ कातडी घेऊन ग्राफ्ट लावू. घरच्यांनी नाही म्हटलं. मांडीवर आणखी एक जखम कशाला, आणि डबे बंद पडलेत ते अजून किती दिवस बंद ठेवायचे, असा हिशोब. जखम मग स्वतःच भरली पण त्याला सहा आठवडे लागले, आणि भरल्यावर त्यांना 'आता बरं झालं' म्हणून सोडून दिलं, ना स्प्लिंट (हात ठराविक कोनात धरून ठेवणारा प्लास्टिकचा साचा), ना व्यायाम, ना कोणी सांगितलं की खरं काम आता सुरू होतं.

जखम दहा-चौदा दिवसांत भरली तर व्रण जाड व्हायची भीती कमी, तीन आठवड्यांच्या पुढे गेली की भीती बरीच वाढते. आणि हा जाडपणा लगेच दिसत नाही हीच गोम आहे. जखम बंद झाल्यावर पहिले काही आठवडे कातडी सपाट गुलाबी असते, सगळे खूश असतात, मग हळूहळू ती लाल होते, वर येते, कडक होते, ओढायला लागते. पुढे वर्ष-दीड वर्ष, कधी दोन वर्षंही, ती जिवंत असल्यासारखी बदलत राहते आणि मग कुठे फिकी पडून मऊ होते.

आमच्याकडे आल्या तेव्हा

संक्रांत होऊन गेली होती. काकू पदरात हात गुंडाळूनच आल्या. पंज्याची पाठ लालभडक, दोन ते पाच मिलिमीटर उंच, बोटांच्या मुळावर दोरीसारखे ताण दिसत होते. बोटं मुळाशी मागे ओढलेली, मधल्या सांध्यात वाकलेली, अंगठा आत चिकटायला लागलेला. पंज्याची पाठ भाजली आणि हात सोडून दिला की तो बरोबर असाच होतो.

बोटांच्या मुळाचे सांधे ९० अंशांपर्यंत वाकायला हवेत, काकूंचे जेमतेम ४० वाकत होते. मूठ वळायला सांगितली तर बोटांची टोकं तळव्यापासून चार सेंटिमीटर लांब. व्हँकुव्हर स्कार स्केल म्हणून एक मोजमाप आहे, रंग, रक्ताची लाली, उंची आणि लवचिकता मिळून १३ पैकी मार्क देतात, जास्त म्हणजे वाईट, तिथे १०.

त्यांची स्वतःची तक्रार मात्र वेगळीच होती. पहिली खाज, रात्रभर झोप नाही. दुसरी, लाटणं धरता येत नाही. तिसरी त्यांनी काका बाहेर गेल्यावर सांगितली, हळदीकुंकवाला सगळ्या जणी हाताकडे बघतात आणि त्या हातात बांगडी चढत नाही.

अडचण नक्की काय होती

इथे दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या होत्या आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय काहीच ठरवता येत नव्हतं. एक, व्रण दिसतो कसा, म्हणजे लाली, उंची, डाग. दुसरी, सांधा वळतो का. पहिलीला वेळ आहे. व्रण पिकायला वर्ष लागणार, मध्ये दोन आठवडे इकडेतिकडे झाले तरी भरून निघतं. दुसरीला वेळ नाहीये, कारण वरची कातडी ओढून धरते म्हणून सांधा वळत नाही इथपासून सुरुवात होते, पण काही महिने सांधा तसाच राहिला की त्याचे स्वतःचे बंध आखडतात आणि मग कातडी सोडवली तरी बोट वाकत नाही.

म्हणून पुढे प्रत्येक वेळी आम्ही हाच प्रश्न विचारत गेलो, हे सोडलं तर दिसणं बिघडेल का वळणं बिघडेल. वळणं बिघडणार असेल तर तडजोड नाही. दिसणं असेल तर काकूंच्या दिवसात जसं बसेल तसं.

पर्याय काय काय होते

काहीच न करणं हा पर्याय घरात सगळ्यात लोकप्रिय होता. 'होईल हळूहळू, खोबरेल लावा.' तो लगेच बाद, वर सांगितलं तेच कारण.

दुसरा, लगेच ऑपरेशन. प्लास्टिक सर्जनना दाखवलं. त्यांचं म्हणणं असं की व्रण कच्चा आहे, लाल आहे, अशा वेळी कापलं तर परत तसाच जाड येऊ शकतो, शक्यतो पिकू द्या. पण 'शक्यतो' हा शब्द महत्त्वाचा होता, कारण सांधा जाणार असेल तर पिकण्याची वाट बघत बसत नाहीत, लवकर सोडवतात. शेवटी असं ठरलं की दोन-तीन महिने जोर लावून थेरपी करायची, मुळाचे सांधे वाकणं वाढत गेलं तर थांबायचं, जागच्या जागी राहिलं तर ऑपरेशन. ही मुदत आधीच ठरवून घेतली हे फार बरं झालं, नाहीतर 'अजून थोडं बघू' करत अर्धं वर्ष जातं.

तिसरा, पुस्तकातला सगळा संच एकदम. मापाचा प्रेशर ग्लव्ह दिवसाचे २३ तास, फक्त आंघोळ आणि मालिशपुरता काढायचा, त्याच्याखाली सिलिकॉनची शीट, रात्री स्प्लिंट, दिवसातून तीन-चार वेळा मालिश आणि स्ट्रेचिंग. ऐकायला बरोबरच आहे. पण काकूंनी विचारलं, 'अगं, आणि डबे कधी करू?' आणि त्या विनोद करत नव्हत्या, डबे परत सुरू झाले होते, पोळ्यांना बाई लावली होती पण भाजी-आमटी त्याच बघत होत्या.

चौथा, व्रणात स्टिरॉइडचं इंजेक्शन. ते सुरुवातीला बाजूला ठेवलं. एवढ्या मोठ्या भागात ते टोचत नाहीत, ठराविक जाड गाठीला देतात, आणि शुगरवाल्या माणसाला जपून.

काय केलं

पहिला नियम, रात्रीचा स्प्लिंट कधीच चुकवायचा नाही. मनगट थोडं वर, मुळाचे सांधे वाकलेले, बोटं सरळ, अंगठा बाहेर, अशी ती पोझिशन. एकदम ७०-८० अंशांवर हात जाणार नव्हता, त्यामुळे जेवढा वाकला तेवढ्यावर बनवला आणि जसा हात सुटत गेला तसं तेच प्लास्टिक गरम पाण्यात मऊ करून पुन्हा पुन्हा नवीन कोनात बसवलं. हे प्लास्टिक गरमीने मऊ होतं म्हणून काकूंना बजावलं होतं की गॅसजवळ नको आणि ॲक्टिव्हाच्या डिकीत तर अजिबात नको.

ग्लव्हचा प्रश्न अवघड होता. ताणणारा नायलॉनचा ग्लव्ह, साधारण १५ ते २५ मिलिमीटर पाऱ्याएवढा दाब देणारा. २३ तास म्हणजे स्वयंपाक करतानाही घालायचा, आणि हे कापड ज्योतीजवळ गेलं तर पेटतं-वितळतं आणि कातडीला चिकटतं. आधीच भाजलेल्या, संवेदना कमी असलेल्या हातावर. म्हणून सरळ सांगितलं, गॅससमोर ग्लव्ह नाही. हा निर्णय घेताना मला जराही शंका नव्हती, काही तास कमी दाबाने व्रण थोडा जाड राहील, वितळलेल्या नायलॉनने काय होईल ते सांगायला नको. सकाळचा स्वयंपाक आटपला की ग्लव्ह, संध्याकाळी परत काढायचा, रात्री जेवणं झाली की ग्लव्ह आणि त्याच्यावर स्प्लिंट. सगळं धरून पंधरा तासांच्या आसपास बसत होतं. सुनेने मग रविवारी स्वतः गॅस सांभाळायला घेतला, त्या दिवशी जास्त व्हायचं. दोन ग्लव्ह शिवून घेतले, एक धुवायला एक हातात, आणि दोन-तीन महिन्यांत सैल पडतात म्हणून परत माप. मशीनमध्ये धुवायचे नाहीत, उन्हात वाळवायचे नाहीत, आणि तेल-क्रीम लावल्यावर ते पूर्ण जिरल्याशिवाय घालायचे नाहीत, नाहीतर ताण लवकर जातो.

बडोद्यात या ग्लव्हचा एक अनपेक्षित फायदा झाला. उन्हाळ्यात इथे ॲक्टिव्हावरच्या अर्ध्या बायका कोपरापर्यंत हातमोजे आणि तोंडाला ओढणी बांधूनच फिरतात, त्यामुळे काकूंच्या ग्लव्हकडे रस्त्यात कोणी वळूनही बघत नव्हतं. त्याच्यावर त्या अजून एक सुती मोजा चढवायच्या, ऊन लागून नवी कातडी काळी पडू नये म्हणून तो हवाच होता. गाडी मात्र त्यांना लगेच चालवू दिली नाही. उजव्या हाताने ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक, आणि ब्रेकची दांडी बोटांनी गच्च ओढता येईपर्यंत डबे पोचवायचं काम काकांकडे.

व्यायामाचा क्रम ठरलेला होता. आधी साधं, वास नसलेलं क्रीम, मग अंगठ्याने गोल गोल दाबून मालिश, मग स्ट्रेच, मग लगेच हात वापरणं. स्ट्रेच किती करायचा याची खूण व्रणच देतो, ओढल्यावर लाल कातडी पांढुरकी पडते, तिथे थांबायचं आणि धरून ठेवायचं. बोटं एकत्र वाकवून क्रेप बँडेजने हलकेच बांधून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं हेही होतं. आणि 'लगेच हात वापरणं' म्हणजे रबरी बॉल नव्हे तर कणीक. डब्यांची कणीक तशीही मळायचीच होती, ती बाईकडून काढून काकूंना दिली, सुरुवातीला सैल, मग घट्ट. मूठ उघडणं, मिटणं, दाबणं, सगळं त्यात येतं आणि कोणाला आठवण करून द्यावी लागत नाही. नंतर लाटणं. पहिल्यांदा जाड, कापड गुंडाळलेलं, मग हळूहळू नेहमीचं.

मध्येच एक गडबड झाली. काका उत्साही माणूस, मालिश त्यांनी अंगावर घेतली आणि 'जेवढं ओढू तेवढं लवकर' या हिशोबाने मधल्या बोटाच्या मुळावर कातडी फाटली. छोटीशीच, पण उघड्या जखमेवर सिलिकॉन लावत नाहीत, ग्लव्हही घासतो, त्यामुळे ती भरेपर्यंत त्या भागापुरतं सगळं मागे आलं. स्प्लिंट मात्र पातळ ड्रेसिंग लावून चालूच ठेवला, तो थांबवला असता तर आठवड्यात मिळवलेले अंश गेले असते. काकांना ओरडले नाही, पांढुरकं पडलं की थांबायचं हे त्यांच्याच हाताने करून दाखवलं, त्यानंतर ते माझ्यापेक्षा चांगलं करायला लागले.

खाजेसाठी साध्या ॲलर्जीच्या गोळीने फार फरक पडला नाही. भाजल्यानंतरच्या खाजेत नसांचा भाग मोठा असतो, डॉक्टरांनी रात्री गॅबापेंटिन हे नसांवरचं औषध सुरू केलं, आम्ही गार ओला रुमाल, नखं कापलेली, आणि कढत पाण्याने हात धुणं बंद, असं सांगितलं. झोप लागायला लागली आणि मग स्प्लिंटही नीट राहायला लागला, आधी अर्ध्या रात्री खाजवायला काढून टाकायच्या.

उन्हाळा

एप्रिलमध्ये सगळं घसरलं. बडोद्याचा उन्हाळा चाळिशीच्या पुढे, त्यात स्वयंपाकघर. सिलिकॉनची शीट रोज १२ तासांहून जास्त लावली तर उपयोग, पण तिच्याखाली घाम साचून बारीक पुरळ आलं आणि कडेची कातडी पांढरी मऊ पडली. काकूंनी शीट आणि ग्लव्ह दोन्ही काढून कपाटात टाकलं आणि पुढच्या भेटीला सांगितलंही नाही, मी ग्लव्हचा कोराकरकरीतपणा बघून ओळखलं.

इथे परत तोच प्रश्न विचारला. शीट गेली तर काय बिघडेल? दिसणं. मग सोडून द्या. तिच्याऐवजी ट्यूबमधलं सिलिकॉन जेल, दिवसातून दोनदा पातळ थर, वाळलं की कळतही नाही. ग्लव्ह दुपारी पंख्याखाली आणि रात्री. स्प्लिंट? तो वळण्याचा आहे, तो राहणार. त्याला भोकं पाडून हवा खेळती केली, आत सुती अस्तर, रोज धुवायचं. थेरपीसाठी मेहनत घेणाऱ्यांना हे ऐकून वाटेल की मी ढिलाई केली. मला वाटतं की सगळंच कम्पल्सरी ठेवलं असतं तर त्या उन्हाळ्यात सगळंच कपाटात गेलं असतं.

तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळावरची एक जाड गाठ मात्र दाबाने बसत नव्हती. तिच्यात मग ट्रायामसिनोलोनची, म्हणजे आधी बाजूला ठेवलेली स्टिरॉइडची, इंजेक्शनं दिली, चार-सहा आठवड्यांच्या अंतराने. दुखतात, काकू दर वेळी काकांना बाहेर बसवायच्या. प्रत्येक डोसनंतर काही दिवस घरी शुगर तपासायची असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, एकदा वाढली, त्या वेळी पुढचा डोस लांबवला. गाठ बसली, वर थोडी कातडी पातळ आणि फिकी पडली, ते होऊ शकतं हे आधी सांगितलेलं होतं.

काय झालं

ठरवलेल्या मुदतीत मुळाचे सांधे ४० वरून ६० च्या पुढे गेले होते म्हणून ऑपरेशन टळलं. वर्षभरानंतर ७५-८०. मूठ वळते, फक्त करंगळीचं टोक तळव्याला टेकायला अर्धा सेंटिमीटर राहतं. स्केलवर १० चे ४ झाले. व्रण मऊ आहे, लाली गेलीय, रंग बाकीच्या कातडीपेक्षा गडद आहे आणि बहुतेक तसाच राहील. लाटणं, ब्रेक, वरण घोटणं सगळं चालू.

बांगड्यांचं असं झालं की काचेच्या बांगड्या चढवताना पंजा आवळावा लागतो आणि फुटली तर पातळ कातडी कापते, म्हणून त्यांना उघडता येणारं कडं सुचवलं. सुरुवातीला पटलं नाही. पुढच्या हळदीकुंकवाला घालून गेल्या आणि म्हणे दोघी-तिघींनी कुठून घेतलंस विचारलं.

अंगठ्याची जागा मात्र मनासारखी सुटली नाही. अंगठा आणि तर्जनीमधली कातडी पडद्यासारखी ताणते, मोठं पातेलं एका हाताने धरता येत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

ग्राफ्टचा निर्णय. त्या वेळी सर्जननी सांगितलं ते बरोबर होतं, पण घरच्यांना पर्याय समजला तो 'ऑपरेशन किंवा ऑपरेशन नाही' असा. खरा पर्याय होता 'आता मांडीवर एक जखम आणि थोड्या आठवड्यांत हातावरची जखम बंद, किंवा आता काही नाही आणि पुढे वर्षभर स्प्लिंट-ग्लव्ह'. असं समोर ठेवलं असतं तर कदाचित त्यांनी तरीही नाहीच म्हटलं असतं, पण माहीत असून म्हटलं असतं. ग्राफ्टनंतरही ग्लव्ह आणि स्प्लिंट लागतातच, तेही सांगायला हवं, नाहीतर नंतर फसवल्यासारखं वाटतं.

जखम भरत असतानाचे आठवडे पूर्ण वाया गेले. ड्रेसिंग चालू असतानाही त्याच्यावरून स्प्लिंट लावता येतो आणि ड्रेसिंग बदलताना बोटं हलवता येतात. आमच्याकडे येईपर्यंत सांधे अर्धे आखडलेले होते, त्यातले बरेच अंश फुकट मिळाले असते. आता आम्ही जवळच्या ड्रेसिंग करणाऱ्या दवाखान्यांना एवढंच सांगून ठेवलंय की पंजा भाजलेला पेशंट आला तर जखम भरायची वाट न बघता पाठवा.

अंगठ्याकडे लक्ष उशिरा गेलं. सगळी नजर मुठीवर होती, काकूंची पण, आणि अंगठा-तर्जनीच्या मधल्या कोनात पॅड घालून दाब द्यायचा तो मार्चपासून सुरू झाला. पहिल्याच स्प्लिंटपासून तो असता तर आज अंगठ्याच्या ऑपरेशनची गोष्ट निघाली नसती का, सांगता येत नाही, पण शक्यता कमी झाली असती.

आणि उन्हाळ्याचा प्लॅन फेब्रुवारीतच करायला हवा, पुरळ आल्यावर नाही.

आता अंगठ्यासाठी छोटं झेड-प्लास्टीचं (कातडी झेड आकारात कापून, फिरवून ताण सोडवायचं) ऑपरेशन ठरतंय, व्रण पिकलाय त्यामुळे सर्जन तयार आहेत. वाद फक्त कधी करायचं याचा आहे. मी म्हणतेय थंडीत करू, घाम नाही, स्प्लिंट नीट राहील. काकू म्हणतात मे महिन्यात, परीक्षा संपून पोरं गावी गेलेली असतात आणि डबे बंदच असतात, थंडीत हॉस्टेलं भरलेली असताना हात बांधून बसणं त्यांना परवडत नाही. मुलाने त्यांच्या खोलीत एसी बसवायची तयारी दाखवलीय, त्यामुळे बहुतेक मे.